कण्हेरीची डहाळी

कण्हेर विषारी असते हे मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्या दिवसाचा विषय निघाला की पुष्कळ जण माझी बाजू घेऊन म्हणायचे, "तुम्हाला बिचारीला काय माहीत असणार?" मला माहीत होतं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. कन्नड मुलखातल्या आमच्या शहरात, लष्कर मोहल्ल्यात, घरामागच्या गल्लीत कुणीतरी कुंपणाची कण्हेर छाटून पाला रस्त्याकडेला टाकला होता आणि शेजाऱ्यांची शेळी तो खाऊन गेली. दुपारी ती आमच्या मागल्या दाराशी येऊन पडली. तोंडाला फेस, पाय ताठ. माझे वडील कापडावर ठसे छापायचं काम करत. रंगाचे हात तसेच घेऊन ते बाहेर आले, शेळीच्या छातीवर तळवा ठेवून बराच वेळ बसले आणि मग मला म्हणाले, "बघ, आधी काळीज मंद होतं, मग थांबतं. ह्या झाडाचं काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही, कळलं?"

तर मला कळलं होतं.

लग्न होऊन त्याच शहरातल्या जयलक्ष्मीपुरमला आले तेव्हा सासरच्या फाटकाशी कण्हेर होतीच. दुहेरी पाकळ्यांची, गुलाबी, मंद वासाची. एप्रिल-मेमध्ये कुंड्यांतली माती भेगाळते, गुलाब माना टाकतात, आणि ही मात्र अशी फुलते की विद्यापीठाच्या कॅम्पसच्या बाजूला फिरायला निघालेले लोक थांबून फोटो काढतात. मला तिचा अभिमान होता. विषाची गोष्ट मी विसरले नव्हते, पण घरातली सुरी धारदार आहे हे जसं रोज आठवत नाही, तसं ते आठवत नसे.

आमचा बागवाल्यांचा एक गट आहे. फोनवरचा. तीसेक माणसं, बहुतेक निवृत्त. शिक्षक, बँकवाले, एक दंतवैद्य बाई, एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. रोज सकाळी सात वाजल्यापासून फोटो यायला लागतात. माझ्याकडे आज हे फुललं, तुमच्याकडे काय? उन्हाळ्यात तर चढाओढच. आणि वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका रविवारी, सगळे एकाच्या घरी जमतात. आपापल्या बागेतली फुलं आणायची, सगळी एकत्र मांडायची, आणि जाताना आपली सोडून दुसऱ्यांची न्यायची, असा रिवाज पडला आहे.

दोन वर्षांपूर्वी पाळी आमच्या घराची आली.

त्या रविवारी सकाळी आमचा व्हरांडा असा भरला होता की पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी मोगऱ्याच्या कळ्या केळीच्या पानात बांधून आणल्या, कुणी अनंत, कुणी सोनचाफा. दंतवैद्य बाईंनी मे महिन्यात उगवणारी ती लाल चेंडूसारखी लिली देठांसकट आणली. बहाव्याचे घोस आले, बोगनवेलीचे तीन रंग आले. माझे यजमान सगळ्यांना मसाला ताक आणि भिजवलेल्या डाळीची कोसंबरी देत फिरत होते. मी आदल्या दिवशीपासून तयारीत होते. प्रत्येकासाठी मातीचं एक पसरट भांडं आणून ठेवलं होतं. त्यात पाणी घालून, फुलं रचून द्यायची होती.

शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक जोडपं राहत होतं. ती घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची, तो आठवड्यातले चार दिवस बेंगळुरूला असायचा. मुलगी अडीच वर्षांची. नव्यानं राहायला आली तेव्हा आमच्या अंगणातलं बोलणं ऐकून ती बाल्कनीतून ओरडली होती, "काकू, तुम्ही मराठी?" आणि तशीच खाली येऊन पायरीवर बसली होती. आमचं इकडचं मराठी ऐकून तिला गंमत वाटायची. "बोलता बोलता तुम्ही कन्नडमध्ये शिरता आणि परत बाहेर येता, तुम्हाला कळतही नाही," म्हणायची. तिला स्वतःला कन्नड येत नव्हतं. भाजीवाल्याशी बोलायलासुद्धा ती मला फोन लावून देई.

मीच तिला झिनियाचं बी दिलं होतं. त्या रविवारी ती मुलीला कडेवर घेऊन आली ती स्टीलच्या पेल्यात एकच केशरी झिनिया घेऊन. "माझं पहिलं फूल," म्हणाली आणि लाजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतकं भरून आलं की तिच्यासाठी मी मातीचं भांडं बाजूला ठेवलं आणि घरातली पितळी उरुळी, ते पसरट तोंडाचं जड भांडं, काढली. तिच्यात मोगरा, चाफा, बहावा घातला, आणि मधे उंची यावी म्हणून कण्हेरीच्या तीन डहाळ्या पानांसकट खोचल्या. सुंदर दिसत होतं. आणखी पाच भांड्यांतही मी कण्हेर घातली.

सर माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "कण्हेर देताय? त्यांच्याकडे लहान मूल आहे ना?"

"हो, सांगते मी तिला," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, उरुळी जरा उजेडाकडे सरकवा, फोटो घेऊ. मी सरकवली. मग कॉफीचं दूध उतू गेलं. मग ती निघाली, मुलगी पेंगुळली होती, मी दोन्ही हातांनी उरुळी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "रोज पाणी बदल हं." एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला तिचा फोन आला. "काकू, येता का जरा? हिला उलट्या होतायत. तीन झाल्या. हा बेंगळुरूला आहे. मला डॉक्टरांशी कन्नडमधून बोलता यायचं नाही."

मी चप्पल घालून तशीच धावले. दोन जिने चढले तेव्हा ती मुलीला खांद्यावर टाकून दारातच उभी होती. मुलीचा चेहरा पांढरा, केस कपाळाला चिकटलेले. "काल तुमच्याकडून आल्यावर संध्याकाळी आईस्क्रीम दिलं होतं, ते बाधलं असणार," ती म्हणाली. "पर्स घेता का काकू, आतल्या खुर्चीवर आहे."

मी आत गेले. खुर्चीशेजारी बुटक्या मेजावर उरुळी होती. पाणी सांडलेलं. मोगऱ्याची फुलं जमिनीवर. कण्हेरीच्या तीन डहाळ्यांपैकी दोन उभ्या होत्या. तिसरी मेजाखाली पडली होती, आणि तिच्या एका पानाचा टोकाकडचा अर्धा भाग नव्हता. कडेला दातांच्या बारीक खुणा होत्या.

मी वाकले, ते पान तोडलं आणि मुठीत धरलं. पर्स उचलली आणि बाहेर आले. दार ओढून घेतलं. "चल," म्हटलं.

हे मी का केलं, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. ते पान डॉक्टरांना दाखवायला म्हणून उचललं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण उचलताना माझ्या मनात डॉक्टर नव्हते. ते पान तिनं बघू नये, एवढंच मनात होतं.

रिक्षात ती मुलीला थोपटत होती. मी शेजारी बसले होते, मूठ पदराखाली. मला दिसत होती ती शेळी. मी मुलीचं मनगट हातात घेतलं, जणू लाडानं घेतलंय असं, आणि नाडी शोधायला लागले. सापडली. मग वाटलं, ही मंद आहे. मग वाटलं, माझ्याच बोटांतली धडधड मला लागतेय. आता सांगावं, मी ठरवलं, त्या वळणावर सांगावं. वळण गेलं. सांगितलं तर ती रिक्षातच किंचाळेल, असं मी मनाशी म्हटलं. हॉस्पिटल जवळच तर आहे. दहा मिनिटांनी काय फरक पडतो? काळीज थांबायला किती मिनिटं लागतात हे मला माहीत नव्हतं, आणि तरी मी स्वतःला हे म्हणत होते.

मुलगी मधेच डोळे उघडून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा मिटायची.

मुलांच्या त्या हॉस्पिटलात गर्दी होती. उन्हाळ्याचे दिवस, अर्धी मुलं उलट्यांचीच. एक तरुण डॉक्टर आले. मी तिचं सगळं कन्नडमध्ये सांगत होते. कधीपासून, किती वेळा, काल काय खाल्लं. "आईस्क्रीम," मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. म्हणाले, "काळजी करू नका अम्मा, ह्या दिवसांत हे चालतंच. औषध लिहून देतो, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजत राहा. घरी न्या." आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

घरी न्या, हे शब्द मी ऐकले. तोपर्यंत मला वाटत होतं की तेच ओळखतील. डॉक्टर आहेत, तपासतील, त्यांना कळेल, आणि मला बोलावंच लागणार नाही. आता कळलं की मी बोलले नाही तर कुणालाच कळणार नाही. ही मुलगी घरी जाईल, आई तिला गादीवर ठेवेल, झोपली म्हणून पांघरूण घालेल.

मी मूठ उघडून हात डॉक्टरांपुढे धरला. "डॉक्टर," मी म्हटलं, "मगु कणगिले एले तिंदिदे."

बाळानं कण्हेरीचं पान खाल्लंय. कन्नडमध्येच म्हटलं. आत्तापर्यंत सगळं कन्नडमध्येच चाललं होतं, म्हणून तेही तसंच आलं, असं मला म्हणता येईल. पण तिला कन्नड कळत नाही हे मला त्या क्षणी पक्कं आठवत होतं.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी ते चोळामोळा झालेलं पान चिमटीत धरून उजेडात पाहिलं. "किती वेळ झाला? किती खाल्लं? फूल की पान?" मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी नर्सला हाक मारली. मुलीला आईच्या मांडीवरून उचललं. एका मिनिटात तिच्या छातीवर तारा चिकटवलेल्या होत्या.

"काय झालं?" ती माझा दंड धरून विचारत होती. "काकू, काय म्हणालात तुम्ही त्यांना? काय म्हणालात?"

माझं मराठी गेलं. घरात जन्मापासून बोललेली भाषा, आणि एक शब्द सापडेना. तोंडातून "अय्यो, अय्यो" एवढंच येत होतं. मग मी म्हटलं, "काल मी दिलेली गुलाबी फुलं होती ना. त्याचं पान चावलंय तिनं. ती कण्हेर होती. ती वाईट असते."

"वाईट म्हणजे?"

"विषारी."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"तुझ्या घरातच. पर्स घ्यायला गेले तेव्हा."

तिनं माझा दंड सोडला. त्यानंतर त्या दिवसभरात ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

मुलीला पोटातलं विष शोषून घेणारं काळं औषध पाजलं. ती ओरडत होती, थुंकत होती. तिच्या हनुवटीवरून काळे ओघळ आलेले मला काचेतून दिसत होते. रडतेय म्हणजे जिवंत आहे, असं मी म्हणत होते. मग ती रडायची थांबली आणि मला त्याहून जास्त भीती वाटली. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, "नाडी थोडी मंद आहे. आत्ता काही सांगता येत नाही. उद्यापर्यंत तारा काढणार नाही. मोठ्या डॉक्टरांना बोलावलंय." हे मला तिला मराठीत सांगावं लागलं. तिनं भिंतीकडे बघत ऐकलं.

मी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. काहीतरी करावं असं वाटून फोन काढला. गटात सकाळपासून कालचे फोटो येत होते. सगळ्यात वर माझ्या उरुळीचा होता. खाली लोकांनी टाळ्या आणि लाल बदाम टाकले होते. मी फोटो मोठा केला. मधोमध कण्हेर. आणि त्याच्या खाली दुसरा फोटो, मातीच्या भांड्यांची रांग.

तेव्हा मला आठवलं की ती पाच भांडीही घरोघरी गेली आहेत.

कुणाकुणाला दिली, ते मी फोटोवर बोट ठेवून आठवायला लागले. एक दंतवैद्य बाईंना. त्यांच्याकडे मूल नाही, मांजर आहे. एक सरांना. दोन अशा घरांना जिथे म्हातारी माणसंच राहतात. आणि पाचवं भांडं कॅम्पसच्या पलीकडे राहणाऱ्या एका जोडप्याला, ज्यांची दोन नातवंडं सुटीला चेन्नईहून आली होती. लहानगा तीन वर्षांचा. काल व्हरांड्यात त्याचा फोटो मी पाहिला होता, आजोबांनी कौतुकानं दाखवलेला.

मी आधी त्यांनाच फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. आजींच्या फोनवर केला, तो बंद. मग बाकीच्या चौघांना केले. प्रत्येकाला तेच सांगितलं, "कालच्या भांड्यातली कण्हेर काढून टाका, पाणीही फेकून द्या, हात धुवा, एक मूल हॉस्पिटलात आहे." दंतवैद्य बाई म्हणाल्या, "अय्यो, मांजर!" आणि फोन टाकून धावल्या. सर फक्त म्हणाले, "कोणतं हॉस्पिटल?" मी काल म्हटलेलं त्यांना आठवलं असणार. त्यांनी ते काढलं नाही.

जोडप्याचा फोन अजून वाजतच होता.

मी यजमानांना फोन केला. हे जेवायला बसण्याच्या तयारीत होते. "तुम्ही आत्ताच्या आत्ता स्कूटर काढा," मी म्हटलं. "अगं, झालं काय?" मी सांगितलं. मग ते म्हणाले, "सरी, बरं. निघालो." एक शब्द जास्त नाही.

पुढचा अर्धा तास मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. काचेच्या आत एक मूल होतं, ज्याच्या नाडीचा हिरवा आकडा मला बाकावरून दिसत होता आणि वाचता येत नव्हता. शहरात दुसरीकडे दोन मुलं होती, ज्यांचं काय झालंय ते माहीत नव्हतं. आणि दोन्हीकडे माझीच फुलं होती. मी देवाचं नाव घ्यायला गेले, पण तेही जमेना. देवाला तरी काय तोंड दाखवायचं? एक नर्स येऊन "अम्मा, पाणी घ्या" म्हणाली. मी तिला विचारलं, "कण्हेर खाल्लेलं मूल आधी पाहिलंय का तुम्ही?" ती म्हणाली, "पाहिलंय." मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "पाणी घ्या, अम्मा."

यजमानांचा फोन आला. "घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांना विचारलं तर सगळे प्राणिसंग्रहालय बघायला गेलेत म्हणाले. मी फाटकाशी थांबलोय." मग वीसेक मिनिटांनी पुन्हा आला. "आले सगळे. मुलं ठीक आहेत, मोराची पिसं घेऊन नाचतायत. भांडं देवघरात वर ठेवलेलं होतं. मी स्वतः उचलून पिशवीत घातलंय." एवढं बोलून त्यांचा आवाज फाटला. सदतीस वर्षांच्या संसारात मी तो आवाज कधी ऐकला नव्हता.

दुपारी मुलीचे वडील बेंगळुरूहून पोचले. आत जाऊन आले, आणि बाकाजवळ उभे राहिले. तिशीचा मुलगा, डोळे लाल. "तुम्ही त्या शेजारच्या काकू ना?" त्यांनी विचारलं. मी उठून उभी राहिले. "लहान मूल असलेल्या घरात विष देतात का कुणी? आणि वर लपवता?"

मी "चुकलं" म्हटलं. तो शब्द त्या जागी इतका लहान वाटला की मी तो पुन्हा म्हटला नाही.

त्याच वेळी सर आले. ते मोठ्या डॉक्टरांशी बोलले, परत येऊन त्या दोघांसमोर उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले की पान अर्धंच आहे, बरंचसं उलटून पडलेलं दिसतंय, औषध वेळेत मिळालंय. मग माझ्याकडे वळून कन्नडमध्ये म्हणाले, "तुम्ही आता घरी जा." रागानं नाही म्हणाले. पण मला घरी जावंसं वाटेना आणि तिथे थांबायचा हक्कही वाटेना. मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीशेजारी उभी राहिले, संध्याकाळी यजमान न्यायला येईपर्यंत. साडेचारच्या सुमाराला आतून धावपळ ऐकू आली. एक नर्स पळत गेली, मग मोठे डॉक्टर. मी तिथेच दगडावर बसले. कुणाला विचारायचं? नंतर कळलं, नाडी एकदम खाली गेली होती, इंजेक्शन दिल्यावर वर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा निरोप आला. तारा काढल्या. मुलगी दहीभात मागतेय.

मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं नाही. भीती तशीच होती. ती जायला काही कारणच तिला सापडत नव्हतं, असं मला वाटलं. पुढचे कित्येक दिवस जिन्यावर पाऊल वाजलं, शेजारी मूल खोकलं, रुग्णवाहिकेचा आवाज आला, की माझ्या हातातलं भांडं खाली ठेवावं लागे. यजमानांनी कण्हेर तोडू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. हातमोजे घालून त्यांनी ती बुंध्याशी कापली, पाला पोत्यांत भरला आणि जनावरांच्या तोंडी लागू नये म्हणून मागल्या अंगणात खोल खड्डा करून पुरला. जाळला नाही, धूरही बाधतो असं सरांनी सांगितलं होतं. गटात मी सगळं लिहिलं, काहीही न वगळता, मुठीसकट. मग एकेकानं आपापल्या घरातल्या विषारी झाडांची नावं लिहायला सुरुवात केली. ती यादी इतकी लांबली की मला वाचवेना. इतक्या वर्षांत आपण एकमेकांना हौसेनं काय काय वाटत होतो!

तीन आठवड्यांनी, एका सकाळी, फाटक वाजलं. ती होती. एकटीच. हातात माझी उरुळी, घासून लखलखीत केलेली. मला वाटलं, ही आता जे बोलेल ते मी ऐकून घ्यायचं, काही झालं तरी उलट बोलायचं नाही.

ती पायरीवर बसली. बराच वेळ उरुळीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "ही उरुळी मेजावर ठेवलेली नव्हती. वर फ्रिजवर ठेवली होती मी. तिला हात पुरला नसता."

मला काही कळेना.

"माझी मीटिंग होती. ती पायाशी रडत होती. मी उरुळी काढून तिच्यापुढे ठेवली, म्हटलं, फुलांशी खेळ. मधे मी वळून पाहिलं तेव्हा तिच्या तोंडात हिरवं काहीतरी होतं. मी म्हटलं, थूक. ती थुंकली की नाही ते पाहिलं नाही मी. माझी बोलायची पाळी आली होती." ती थांबली. "आणि उलट्या सुरू झाल्यावर मला ते आठवलं होतं. रिक्षात आठवलं होतं. पण मी आईस्क्रीमच म्हणत राहिले. याला कळलं असतं की मी लक्ष देत नव्हते. आपण दोघींनीही..."

मी तिच्या शेजारी बसले. काय वाटलं ते खरं सांगते. आधी सुटका वाटली, एक पळभर, आणि लगेच ती गेली. त्या रिक्षात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो, मुलीनं काहीतरी चावलंय हे दोघींना माहीत होतं, आणि मधे ते मूल होतं.

"त्याला सांगू नका," ती म्हणाली.

"नाही सांगणार."

"तो अजून तुमच्याबद्दल वाईट बोलतो. मी गप्प बसते. मला बोलता येत नाही, काकू."

"राहू दे," मी म्हटलं. "माझं चुकलं ते चुकलंच आहे. तुझ्यामुळे ते कमी होत नाही."

ती गेल्यावर यजमानांनी विचारलं, काय म्हणत होती? उरुळी द्यायला आली होती, मी सांगितलं. पुढे वर्षभर त्यांची मुलगी मला अंगणातून दिसायची, बाल्कनीच्या गजांत तोंड घालून उभी. मला हाक मारायची. मी हात हलवायचे आणि माझी नजर तिच्या तोंडावर असायची, हलतंय का, काही चघळतेय का. वडील घरी असले की ते येऊन तिला आत घेऊन जायचे.

मग त्यांची बदली झाली आणि ते पुण्याला परतले. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मी त्याला सांगितलं, काकू. सगळं. आता तुम्हालाही कुणाला सांगायचं असेल तर सांगा." तो काय म्हणाला ते तिनं सांगितलं नाही. तिच्या आवाजावरून काही कळतंय का, म्हणून मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिले. मागे मुलगी मोठमोठ्यानं कविता म्हणत होती. मग कुणीतरी दार उघडल्याचा आवाज झाला, ती घाईनं "ठेवते हं" म्हणाली आणि फोन बंद झाला.